दोन बोटं जमीन

मोठ्या बाईंनी कपाटातला रिकामा हँगर काढला आणि तो तसाच हातात धरून त्या स्वयंपाकघराच्या दारात येऊन उभ्या राहिल्या.

"विचारायचं म्हणून काही असतं की नाही या घरात?"

सून कामावरचा डबा भरत होती. तिचा हात थांबला. अंगात पांढरट पोलकं, खाली ढगाच्या रंगाचा घोळदार स्कर्ट आणि स्कर्टाला तळाशी तपकिरी पट्टी. बाईंची नजर त्या पट्टीवर खिळली. चष्मा डोळ्यांवर नव्हता, पण स्वतः बेतलेलं कापड ओळखायला चष्मा कशाला लागतो?

"आई, मी सांगणारच होते."

"केव्हा? पुढच्या थंडीत?"

"आजच्या चित्राला हाच रंग हवा होता. दुकानात मिळाला नाही."

"मग माझ्या लेकाचा कोट बरा सापडला!"

सुनेनं डबा पिशवीत ठेवला, पायात चपला सरकवल्या आणि दार हळूच ओढून घेतलं. एवढं ऐकून घेतलं तरी दार आपटत नाही, याचाही बाईंना राग आला.

सून चित्रांच्या संग्रहालयात तिकीट-खिडकीवर बसे. नवरा गेला तेव्हापासून वर्षभर तिनं राखेच्या रंगाशिवाय काही घातलं नव्हतं. मग एका शनिवारी ती पिवळीधमक होऊन बाहेर आली. भिंतीवरच्या कुठल्याशा लिंबांच्या चित्रावरून म्हणे तो पोशाख जुळवला होता. तेव्हापासून दर शनिवारी तेच. कधी चित्र, कधी एखादी जागा, आणि घरातल्याच जुन्यापान्या कपड्यांतून जुळवाजुळव. येणारे लोक खिडकीत तिला निरखत आणि आज कोणतं चित्र ते आत जाऊन शोधत. एकदा ती विटकरी जाकीट घालून, घड्याळाएवढं पांढरं बटण लावून निघाली, तर बाई म्हणाल्या होत्या, "स्टेशन अंगावर घेतलंसच आहे, तर आता शिट्टीही वाजव." त्यावर सून हसली होती. बाईंनी आपलं हसू पदराआड दाबलं होतं.

पण कोट ही थट्टेची गोष्ट नव्हती. तो त्यांनी स्वतःच्या मशीनवर शिवला होता, काजं हातानं घातली होती. लेक म्हणायचा, आई, या कोटात वारा शिरायला घाबरतो.

बाईंनी हँगर परत कपाटात टांगला, केस सारखे केले आणि घराला कुलूप घातलं.

त्या इमारतीत त्यांनी आजवर पाऊल ठेवलं नव्हतं. खिडकीसमोर रांग होती. त्या रांगेत उभ्या राहिल्या. नंबर आल्यावर पैसे सरकवून म्हणाल्या, "एक तिकीट द्या."

सून चपापली. "आई? तुम्हाला कशाला तिकीट? जा ना आत."

"मी चोरून कुठं शिरत नाही. कुणाच्या कपाटातसुद्धा नाही."

मागचा माणूस खोकला. सुनेनं मान खाली घालून तिकीट फाडलं.

आत पहारेकऱ्यानं न विचारताच शेवटच्या दालनाकडे बोट केलं. "ढगांचं चित्र ना? आज सगळे तेच विचारतायत."

चित्र भिंतभर होतं. आणि त्यात काय, तर आभाळ. नुसतं मळकट पांढरं आभाळ, वर, मध्ये, सगळीकडे. अगदी तळाशी नांगरलेल्या मातीची एक तपकिरी रेघ, जेमतेम दोन बोटं.

एवढ्याशा मातीसाठी!

मग त्यांनी सवयीनं एक डोळा मिटला आणि हात लांब करून तळव्यानं ती माती झाकली. शिवायला आलेल्या गिऱ्हाइकाला काठ शोभतो की नाही, ते त्या असंच झाकून बघत.

आभाळ खाली घसरू लागलं. धरायला काहीच नव्हतं त्याला.

"बाई, हात मागे घ्या," पहारेकरी मागून म्हणाला.

"लावत नाहीये हो. झाकून बघतेय."

त्यांनी हात काढला. आभाळ जागच्या जागी उभं राहिलं. पुन्हा झाकलं, पुन्हा काढला. मग मागच्या बाकावर जाऊन बसल्या आणि बराच वेळ बसूनच राहिल्या.

जेवणाच्या सुट्टीत सून आली. बाकाच्या दुसऱ्या टोकाला टेकली.

"फाडला नाही मी, आई. उसवला. शिवण न् शिवण. तुमचे टाके इतके बारीक, महिना गेला."

"धागा?"

"रिळावर गुंडाळून ठेवलाय. एका बाहीचंच कापड घेतलं. बाकीचं इस्त्री करून घडी घातलीय. तुम्ही म्हणालात तर परत जोडते."

बाई चित्राकडे बघत राहिल्या.

"जोडून घालणार कोण?"

हे त्या पहिल्यांदाच बोलल्या. सुनेनं चेहरा दुसरीकडे वळवला. पहारेकरी उगाच खिडकीशी जाऊन उभा राहिला.

थोड्या वेळानं बाई वाकल्या. सुनेच्या स्कर्टाचा काठ चिमटीत धरून त्यांनी उलटा केला, टाक्यांवरून नख फिरवलं.

"ही पट्टी कुणी लावली?"

"मीच."

"दिसतंय." त्यांनी काठ सोडला, गुडघ्यावर हात टेकून उठल्या. "घरी आलीस की उसव. मी लावून देते. आणि दुसरी बाही काढून ठेव, पट्टी चार बोटं हवी."

"पण आई, चित्रात तर दोनच..."

"त्या चित्रकाराला काय, त्याला जमीन नुसती काढायची होती. तुला तिच्यावर चालायचंय."