तिच्याखालून ओढलेली सतरंजी

मी सतरंजी बोलतेय. सोलापुरात विणली गेले, मिरजेत विकली गेले आणि मोरेश्वर कुंट्यांच्या, म्हणजे तात्यांच्या पाठीखाली येऊन पडले. आवाज चढला तर चढू दे. आत्ता जे घडलं, त्यानं माझे धागे अजून थरथरताहेत.

तात्यांना रक्तदाबाचा त्रास. रोज सकाळी मला काखेत मारून ते विरंगुळा केंद्रात जातात. तिथं मुतालिक बाई शवासन शिकवतात. तिथली ज्येष्ठ मंडळी मला कधी कळलीच नाहीत. शरीर सैल सोडा म्हटलं, तरी यांची शर्यत! "माझा आज एकशे तीस! तुमचा?"

पण गुण येतो, हे खोटं नाही. तात्यांचा आवळलेला जबडा सुटतो, श्वास संथ होतो, पाठ माझ्यात जड होऊन रुतते. बाई वर बजावतात, "हे गोळीच्या जोडीला हं, गोळीऐवजी नाही."

ही सगळी शांती केंद्राच्या दारापर्यंतच. घरी पाऊल टाकलं की सुरू, "अनघा, टॉवेल! अनघा, माझी पिशवी कुणी हलवली?"

अनघा त्यांची सून. घर, शिकवण्या आणि सासऱ्यांचं पथ्य, सगळं तिच्याच गळ्यात.

मागच्या महिन्यात तात्या चष्मा विसरले. तो द्यायला ती धावतपळत केंद्रात आली. सगळ्यांचा रक्तदाब मोजणं चाललं होतं. बाई म्हणाल्या, "बस गं जरा. दम खा, मग तुझाही बघू."

"तिला काय धाड भरलीय?" तात्या म्हणाले. "चाळिशीसुद्धा नाही अजून!" सगळे हसले.

यंत्रावर आकडा आला. एकशे अठ्ठ्याहत्तर, खाली एकशे बारा.

"यंत्र बिघडलंय," तात्या म्हणाले.

बाईंनी थोडं थांबून दुसऱ्या दंडावर मोजलं. तेच. "यंत्र ठीक आहे, तात्या. हिला आत्ताच्या आत्ता डॉक्टरांकडे न्या."

सत्तरीच्या त्या सगळ्या गोतावळ्यात सगळ्यात मोठा आकडा तिचा होता! मी हादरलेच. तिच्याच घराच्या कोपऱ्यात मी रोज गुंडाळलेली उभी असते. मला तरी कुठं दिसलं होतं?

डॉक्टरांनी गोळी सुरू केली. सोबत रोज थोडा वेळ शवासन. "हयगय केलीत तर मेंदूवर बेतेल," असंही सांगितलं. गोळी ती घ्यायची. आडवं होणं मात्र कामांच्या रगाड्यात राहूनच जायचं.

आज दुपारी तिनं पहिल्यांदाच मला बैठकीत अंथरलं. सोफा आणि टीव्हीच्या मधे जागा एवढीशी, त्यामुळे पाय दक्षिणेकडे आले. किती हलकी होती ती, आणि किती ताठ! हळूहळू खांदे सैल व्हायला लागले, तेवढ्यात तात्या वामकुक्षीतून उठून बाहेर आले.

"अगं, हे काय! दिवसाढवळ्या घरात प्रेतासारखी पडलीस? तेही दक्षिणेकडे पाय करून?"

"शवासन आहे, तात्या. तुम्हीही करता की रोज."

"ते केंद्रात! घरात असला अभद्रपणा चालायचा नाही. ऊठ, चहाची वेळ झाली."

ती उठली नाही.

तर त्यांनी माझं टोक धरलं आणि मला तिच्याखालून खेचलं. खरंच खेचलं हो! ती अर्धवट कलंडली, तिचं डोकं फरशीवर टेकलं. माणूस असं करू शकतो? रोज माझ्यावर पडून 'मन शांत होतंय' म्हणणारा माणूस?

मला वाटलं, आता ती रडेल. तिनं फक्त पाठ सरळ केली आणि हात पुन्हा सैल सोडले. डोळे मिटलेलेच.

"चहा म्हटलं मी!"

"पातेलं खालच्या कप्प्यात आहे," ती म्हणाली.

आता मी स्वयंपाकघरात आहे, तात्यांच्या काखेत चुरगळलेली. ते एकेक डबा उघडून आदळताहेत. साखर कुठली, मीठ कुठलं, त्यांना पत्ता नाही. आयुष्य गेलं याच घरात.

वाचणाऱ्यांनो, तुमच्याही घरात सगळ्यांच्या गोळ्यांच्या वेळा सांभाळणारी कुणी असेल. तिचा दंड कुणी कधी रक्तदाब मोजायच्या पट्ट्यात घातलाय का? आजच घाला.

आणि तात्या, चहा जमला नाही तरी चालेल. आधी मला तिच्याकडे न्या. फरशी गार आहे.