शेवटचा परिच्छेद उघडा ठेवणारे पॅड

मित्रांनो, मी परीक्षेचे एक जुने पॅड आहे: दाबून घट्ट केलेल्या भुशाची एक फळी आणि माथ्यावर लोखंडी चिमटा. कारखान्यात माझ्यासोबत तासाला चारशे भावंडे जन्माला येत होती. त्यामुळे आपण जगावेगळे आहोत असा गैरसमज मला कधी झाला नाही. माझ्या मालकिणीने सगळ्या परीक्षा माझ्यावर लिहिल्या. ती पास झाली की घरचे म्हणत, "पॅड लकी आहे." नापास झाली तेव्हा मात्र माझे नाव कोणी काढले नाही. पुरावा असा सोयीने मोजतात, हे मला तेव्हाच समजले.

पुढे ती कॉलेजात शिकवू लागली आणि मी फ्रिजवर सहा वर्षे धूळ खात पडले.

मला पुन्हा काम मिळाले ते तिच्या सासूबाईंमुळे. तीस वर्षे लाँड्री चालवून त्या साठीत पदवीच्या शेवटच्या वर्षाला होत्या. निबंधाचा विषय होता, ओले टॉवेल कुठे लवकर वाळतात. प्रयोग चोख होता: छत्तीस टॉवेल, दर पंधरा मिनिटांनी वजन. तरी निबंध दोनदा परत आला. शेरा एकच: 'समारोप कमकुवत.' तिसऱ्यांदा परत आला असता तर वर्ष वाया गेले असते, आणि मी फ्रिजवरून खाली आले त्याच दिवशी पाचला मुदत संपत होती.

दुपारी दोनला सुनेने मला पुसून निबंधावर असे ठेवले की शेवटचा परिच्छेद तेवढा उघडा राहिला.

"वाचा, आई."

"'अशा प्रकारे विज्ञान हे मानवाला लाभलेले वरदान असून आपण त्याचा सदुपयोग केला पाहिजे.'"

"ह्यात टॉवेल कुठेत? हेच मुंग्यांवरच्या निबंधाला लावलं, तरी मुंग्या तक्रार करणार नाहीत."

"अगं, शेवट भारदस्त नको का?"

"गिऱ्हाईक कपडे न्यायला आलं की काय सांगायचात?"

"डाग गेला की नाही ते. गेला नसेल तर तेही. आणि पुढं कपडा कसा जपायचा ते."

"भारदस्त काही?"

"त्याला वेळ कुणाला होता?" सासूबाई हसल्या आणि मला जवळ ओढून, चिमट्यात कोरा कागद लावून लिहू लागल्या.

पहिल्या खर्ड्यात लोकर शिरली.

"लोकर तपासली होती?"

"तीस वर्षांचा अनुभव आहे माझा."

"मग तो आधीच्या पानांत हवा होता. निरोपाच्या वेळी नवा पाहुणा नको."

चार वाजता माझ्यावर हे लिहिलेले होते: 'काचेमागच्या उन्हापेक्षा पंख्याखालच्या सावलीत टॉवेल सरासरी चाळीस मिनिटे आधी वाळले. म्हणजे या प्रयोगात उन्हापेक्षा हलती हवा अधिक कामी आली. हे सुती टॉवेलांपुरतेच. लोकर मी तपासलेली नाही. सावलीत वारा खेळत असेल, तर बंद काचेमागे दोरी बांधू नये.'

तेवढ्यात सासरे चहा शोधत आले. वर्षभरात त्यांनी निबंधाची चौकशी केली नव्हती. उघडा परिच्छेद त्यांनी उभ्याउभ्या वाचला, ते काचबंद गॅलरीत गेले आणि कपड्यांची दोरी सोडू लागले.

"अहो, काय करताय?"

"तूच लिहिलंयस ना? मागच्या दारी वारा असतो."

सासूबाईंना हसू आवरेना. निबंध पाचच्या आत पोचला आणि आठवड्याने स्वीकारलाही गेला.

तेव्हा मित्रांनो, निबंधाचा शेवट जपा. तो लिहून झाला की वरची पाने हाताशी असेल त्याने झाका आणि उरलेले घरातल्या सर्वांत उदासीन माणसाला वाचायला द्या. तो उठून कामाला लागला, तर निबंध पूर्ण झाला असे समजा.