मला दोघी वाजवतात

मित्रांनो, मी एक जुनी पेटी आहे, आणि मला वाजवायला दोन बायका लागतात. इतर पेट्यांना एकच माणूस पुरतो. एका हाताने पट्ट्या दाबायच्या, दुसऱ्याने भाता मारायचा, झालं काम. माझं तसं नाही. त्यामुळे पारोळ्यात मला कोणी हार्मोनियम वगैरे म्हणत नाही. 'दोघींची पेटी' म्हटलं की लहान पोरंसुद्धा माझं घर दाखवतात.

माझं अंग सागवानी, सूर पितळेचे. कारागिराने शेवटचा हात फिरवून मला पुसलं तेव्हा मला वाटलं होतं, आता आपण मोठमोठ्या गवयांच्या मांडीशी बसणार. पण मला विकत घेतलं पारोळ्याच्या कापड दुकानदार माणकचंद शेठजींनी, आपल्या लेकीसाठी. रूपल गोड मुलगी होती, पण गाणं शिकवायला मास्तर आले की नेमकं तिचं पोट दुखायचं. ती लग्न होऊन सावद्याला गेली आणि मी माळ्यावर गेले. तिथे एक पितळी घंगाळ आणि पापडाचं मोठं पातेलं यांच्या शेजारात मी बरीच वर्षं काढली. दोघांनाही गाण्याचं अंग नव्हतं.

मला खाली उतरवलं ते शेठजींच्या पत्नीने, चंदनभाभींनी. मागच्या गल्लीत यशोदाअक्कांच्या ओट्यावर दुपारी बायका जमून गायच्या. कानबाई देवीची गाणी, आखाजीच्या म्हणजे अक्षय्य तृतीयेच्या झोक्यावरची गाणी, लग्नघरातली हळदीची गाणी. गळे चांगले होते, पण एकीचा सूर वर, तर दुसरीचा विहिरीत. चंदनभाभी रोज खिडकीतून ऐकायच्या. एके दिवशी त्यांनी गड्याच्या डोक्यावर मला दिलं, स्वतः मागोमाग आल्या आणि म्हणाल्या, "पेटी मंडळाला दिली. पण मला पण गायला बसवा."

अक्कांना पेटी येत होती. माहेरी भजनी मंडळात त्या ऐकून ऐकून शिकल्या होत्या. पण लहानपणी कडबाकुट्टीच्या यंत्रात सापडून त्यांचा डावा हात अधू झालेला. पट्ट्यांवर उजवा हात फिरवला, तरी भाता कोण मारणार? तेव्हा शेजारची कोकिळाबाई पदर खोचून माझ्या पलीकडच्या बाजूला येऊन बसली. "मी हवा घालस, अक्का. तू बोटं चालाड," ती म्हणाली. त्या दिवसापासून दोघी माझ्या अल्याड-पल्याड, समोरासमोर बसू लागल्या.

लोकांना वाटतं, भाता मारण्यात काय आहे? मला विचारा. कोकिळाबाईची नजर सतत अक्कांच्या गळ्यावर असायची. अक्कांनी श्वास घेतला की हिचा हात उघडायचा. अक्का सूर लांबवणार असतील तर हिला आधीच कळायचं. मी बोलायचे ती त्या दोघींच्या मधल्या जागेतून. मला उगाच गर्व वाटायचा की हे सगळं माझ्यामुळे चाललंय.

मंडळाचे काही रिवाज आपोआप पडले. चंदनभाभी जैन, त्यामुळे दिवस मावळायच्या आत त्यांचं जेवण व्हायचं. त्या गुडघ्यावर हात टेकून उठल्या की तालीम संपली, मग गाणं अर्ध्यात का असेना. दुसरा रिवाज हळदीचा. मंडळातल्या कोणाच्याही घरी लग्न असलं की सगळ्यांनी जायचं आणि हळदीचं पहिलं गाणं पेटीवर व्हायचं. त्याला कधी बोलावणं लागत नसे. मांडव पडला की आम्ही हजर.

मग धुळ्याला एका मोठ्या मेळाव्यात आमचं गाणं झालं. काय सांगू, कार्यक्रम असा रंगला की मागच्या रांगेतल्या बायका उभ्या राहिल्या. मंचावर अक्का लोकांकडे तोंड करून बसल्या होत्या. म्हणजे कोकिळाबाईची सगळ्यांकडे पाठ. गाणं संपल्यावर निवेदक म्हणाले, "पेटीवादनासाठी यशोदाबाईंचा सत्कार." अक्का गोंधळल्या, उठल्या, शाल घेतली, नमस्कार केला आणि खाली बसल्या. कोकिळाबाईचं नाव त्यांच्या तोंडून निघालं नाही. तिचा तळहात तेव्हा माझ्या भात्यावरच होता. तो गार पडत गेलेला मला कळला.

परतीच्या गाडीत कोकिळाबाई खिडकीबाहेर बघत होती. पारोळा आल्यावर ती एवढंच म्हणाली, "इतला वरीस व्हयनात. मन्हा हात कोन्हालेच दिसनात नहीत." दुसऱ्या दिवशी तालमीला कोकिळाबाई आली नाही. त्यानंतर ती आलीच नाही.

अक्कांची सून दीपमाला भात्यावर बसली. बिचारीने जीव तोडून भाता मारला, पण मी दमेकऱ्यासारखी धापा टाकायला लागले. कधी हवा जास्त, कधी ऐन सुरात संपलेली. मग दीपमालाने मोबाइलवर सूर लावून पाहिला. तो सूर पक्का होता, चुकत नव्हता, पण कोणासाठी थांबतही नव्हता. हळूहळू बायका येईनाशा झाल्या. कोणाला अक्कांचं पटायचं, कोणाला कोकिळाबाईचं. मला घोंगडीत गुंडाळून कोपऱ्यात ठेवलं. उंदराने भात्याचा एक कोपरा कुरतडला. खरं सांगते, मला उंदराचा राग आला नाही, निदान कोणीतरी जवळ आलं होतं. पण मंडळ मोडलं म्हणून मी फार रडले. पेटी रडते ते कोणाला ऐकू येत नाही, कारण रडायलाही मला कोणीतरी हवा घालावी लागते.

आणि मग कोकिळाबाईच्या नातीचं, मयुरीचं लग्न ठरलं. मांडव पडला. तिने मंडळातल्या कोणालाच काही कळवलं नव्हतं. बायका अक्कांच्या ओट्यावर जमल्या. जायचं की नाही? न बोलावता गेलो आणि तिने तोंड फिरवलं तर? अक्का तर खाली मान घालून बसलेल्या. शेवटी चंदनभाभी म्हणाल्या, "हळदीला आमंत्रण कधीपासून लागायला लागलं? आणि पेटी मी मंडळाला दिली होती, शालीला नाही."

अक्का उठून आत गेल्या. त्यांनी मला घोंगडीतून काढलं आणि दीपमालाकडून भात्याच्या कुरतडलेल्या कोपऱ्याला चामड्याचा तुकडा लावून घेतला. मग कपाटातून ती शाल आणली. तिची घडीसुद्धा मोडलेली नव्हती. कात्रीने त्यांनी तिची एक रुंद पट्टी कापली आणि भात्याच्या कडेला, कोकिळाबाईचा तळहात टेकायचा नेमक्या त्या जागी, गादीसारखी गुंडाळून सुनेकडून शिवून घेतली.

मांडवात आम्ही पोहोचलो तेव्हा कोकिळाबाई मयुरीला हळद लावत होती. तिने पाहिलं आणि न पाहिल्यासारखं केलं. अक्का सतरंजीवर बसल्या, मला पुढ्यात घेतलं. पलीकडची जागा रिकामी. दीपमाला बसायला सरसावली, तर अक्कांनी तिला मानेने नाही म्हटलं. त्यांनी उजव्या हाताची बोटं माझ्या पट्ट्यांवर ठेवली आणि गाणं वाजवायला सुरुवात केली. हवा नाही, आवाज नाही. नुसत्या पट्ट्या खाली-वर होत होत्या. मला इतकं कसंनुसं झालं की काय सांगू.

"तू नही ते पेटी बी नही, कोकिळा," अक्का म्हणाल्या. "त्या दिवशी मी सांगाले पाहिजे व्हतं. मी सांगं नही."

कोकिळाबाईने हळदीने माखलेले हात पुढे केले. मग हळूच म्हणाली, "मन्हा हात हयदना शेत. पेटीले डाग पडी."

"पडू दे," अक्का म्हणाल्या.

ती येऊन पलीकडे बसली. हात भात्याकडे नेला आणि थबकली. शाल तिने ओळखली. तिने नाक ओढलं आणि हळदीचा ओला तळहात त्या पट्टीवर टेकवला. अक्कांनी श्वास घेतला, तिचा हात उघडला आणि मित्रांनो, मी गायले. त्या दिवशी चंदनभाभी दिवस मावळायला आला तरी उठल्या नाहीत. शेवटी मयुरीनेच आठवण करून त्यांना जेवायला वाढलं.

तो हळदीचा डाग अजून आहे. तो कोणी धुवायचा नाही, असा मंडळाचा नवा रिवाज आहे. आणखी एक रिवाज पडला आहे. मंचावर कोणी मला सरळ मांडायला लागलं की अक्का आधी आडवी ठेवायला लावतात, म्हणजे एका बाजूने त्या दिसतात आणि दुसऱ्या बाजूने कोकिळाबाई.

मी आता म्हातारी झाले आहे. मला ओलीपासून जपा, उंदरांपासून जपा, अधूनमधून वाजवत राहा, एवढं माझं मागणं आहेच. पण त्याहून मोठं मागणं वेगळं आहे. कुठे गाणं आवडलं, टाळ्या वाजवून झाल्या, की घरी जायची घाई करू नका. तिथे कोणी तुमच्याकडे पाठ करून बसलेली असेल, तर पलीकडे जाऊन एकदा तिचा चेहरा बघून या.