भट्टीला पाठ टेकून

विजेचं बिल चढायला लागल्यापासून कपवाल्याच्या बोटांना एक खोड जडली होती. खोलीतून बाहेर पडताना दिव्याचं बटण बंद, मग आत कोणी बसलेलं का असेना. कपांना कान चिकटवता चिकटवता त्याची थोरली बहीण आक्का अंधारातून हाक द्यायची, "अरे, मी आहे अजून."

तो तरी काय करणार? मातीच्या कपांचा कारखाना म्हणजे दोन खोल्या, एक चाक आणि विजेवर चालणारी भट्टी. भट्टी लावली की मीटर असं पळायचं, जणू मागे कुत्रं लागलंय. गल्लीतल्या दुसऱ्या भट्ट्या केव्हाच कायमच्या थंड झाल्या होत्या. अशात सरकारने छोट्या कारखान्यांच्या वीजबिलाचा भार उचलायचं ठरवलं आणि कपवाल्याच्या जिवात जीव आला. मदत मिळाली तर भट्टी राहणार. नाहीतर ती विकून या वयात दुसऱ्याच्या दारात चाकरी धरायची, हे दोघांनाही ठाऊक होतं. आक्का हल्ली देवापुढे हात जोडताना घरच्यांसोबत भट्टीचंही नाव घ्यायची.

सरकारकडून तपासणीला एक बाई येणार होत्या. आता कपवाल्याने काय डोकं चालवलं ते ऐका. सरकार विजेसाठी पैसे देतंय, तर आपण वीज उधळत नाही हे दिसायला नको का? त्याने चाक झाकलं, माती ओल्या फडक्याखाली सारली, तयार कप कपाटात घातले, फरशी धुतली आणि वर मेन स्विचच खाली पाडला.

बाई आल्या त्या एक हात कंबरेवर ठेवूनच. अंधाऱ्या खोलीत त्यांनी नजर फिरवली.

"काहीच चालू नाही?"

"एक दिवासुद्धा नाही," कपवाला छाती काढून म्हणाला. "आमच्याकडे उधळपट्टी नाही, बाई."

"अहो, मदत चालू कारखान्यांना आहे. टाळं लागलेल्यांनीही अर्ज घातलेत, म्हणून तर मी दारोदार फिरतेय. इथे मला दिसतेय काय, तर धुतलेली फरशी."

कपवाल्याने घाईघाईने भट्टीकडे बोट दाखवलं. "कालच भाजणी केली हो. माल आत निवतोय."

"मग दार उघडून दाखवा."

"आत्ता उघडलं तर गार वाऱ्याने सगळ्या कपांना तडे जातील."

"सगळे कालचंच सांगतात," बाई म्हणाल्या. आवाजात राग नव्हता, नुसता थकवा होता. त्यांनी पेन काढलं.

आक्काचं लक्ष पेनाकडे नव्हतंच. ते त्या कंबरेवरच्या हातावर होतं.

"लिहायचं ते लिहा, पण बसून लिहा," ती म्हणाली. "या इकडे. भाजणीच्या दुसऱ्या दिवशी आम्ही दोघं इथेच पाठ टेकून जेवतो. माझी कंबर या भिंतीनेच सांभाळलीय."

बाई नाही म्हणता म्हणता भट्टीला लागून असलेल्या फळीवर बसल्या. भट्टीच्या विटांना पाठ लागली आणि त्यांचे डोळे आपोआप मिटले. खांदे खाली आले. मग एकदम डोळे उघडले, हात मागे गेला आणि तळवा विटेवर टेकला.

"ही तर चांगली गरम आहे."

"असणारच," आक्का म्हणाली. "उद्यापर्यंत अशीच राहील. बरं वाटतंय ना?"

बाई वळून कपवाल्याकडे बघत राहिल्या. "दादा, मी आल्याआल्या हात लावून बघा म्हणाला असतात तर?"

"वाटलं, हिने काल किती वीज खाल्ली ते कळलं तर रागवाल."

"ती खाते म्हणून तर मी आलेय," बाई म्हणाल्या आणि हसू लागल्या. मग आक्काही, पदराआड. कागदावर त्यांनी 'कारखाना चालू' असं लिहिलं आणि त्याला ऐकू जाईल असं वाचूनही दाखवलं. कपवाल्याने कपाळाचा घाम पुसला. कुठल्या देवाचे आभार मानावेत ते न सुचून त्याने भट्टीलाच हात जोडले.

"झालं माझं काम," बाई म्हणाल्या, पण उठल्या नाहीत. "थोडा वेळ बसू का अशीच?"

"बसा की. जेवूनच जा," आक्का म्हणाली.

कपवाल्याने मेन स्विच वर केला. खोली उजळली. बाईंसाठी पाणी आणायला तो आत निघाला आणि दाराशी त्याचा हात सवयीने बटणाकडे गेला.

"अरे," आक्का म्हणाली.

त्याने हात मागे घेतला.