हात तर स्थिर आहे

माझा मोठा भाऊ वेल्डर आहे. सलग दोन पाळ्या करता याव्यात म्हणून तो झोप उडवणाऱ्या गोळ्या घेतो. त्या रविवारी तो कामावरून थेट बाबांकडे जेवायला आला आणि जेवणाआधीच त्याने दारूचे तीन ग्लास रिचवले. बाबा सहज म्हणाले, "फाटकाची कडी अडकते रे हल्ली."

झालं! दादा भरल्या ताटावरून उठला आणि गाडीतून कटर घेऊन आला.

"दादा, उद्या कर. तू प्यायलायस," मी म्हणाले.

"मला चढलेली नाही. बघ, हात तरी हलतोय का?"

हात खरंच हलत नव्हता. मी औषधांच्या दुकानात बारा वर्षं काढली आहेत. गोळीने फक्त झोप उडते, दारू उतरत नाही, हे मी त्याला शंभरदा सांगितलंय. पण पालथ्या घड्यावर पाणी! डोळ्यांवर चष्मा न लावताच त्याने कटर सुरू केला. कडी राहिली बाजूला, पठ्ठ्याने थेट बिजागऱ्याच कापल्या. ठिणगी त्याच्या डोळ्यात गेली आणि फाटक बाबांच्या पायावर पडलं.

इस्पितळात डॉक्टरीणबाईंनी दादाला विचारलं, "काही घेतलं होतं का?"

"काही नाही."

बाबाही सुजलेला पाय धरून म्हणाले, "थकलाय हो पोरगा."

माझं डोकंच फिरलं. मी गोळीचं नाव सांगितलं, तीन ग्लासही सांगितले. दोघांनी माझ्याकडे असं पाहिलं, जणू फाटक मीच पाडलं होतं.