तीन मायक्रोसेकंदांची उसंत

तनुजाने अहवाल वाचला आणि तिच्या तळपायाची आग मस्तकात गेली. 'तंत्रज्ञ पुंडलिक यांनी बोल्ट सैल ठेवल्याने इन्व्हर्टर जळाला. त्यांना कामावरून कमी करावे.' खाली सही विभागप्रमुख ऋतुराज यांची. हे गृहस्थ स्फोट झाल्यावरही करमाडच्या सोलर प्लांटवर फिरकले नव्हते.

सैल म्हणे! बावीस वर्षं पुंडलिकमामा बोल्ट आवळला की त्यावर बायकोच्या नेलपॉलिशची लाल रेघ ओढत आलेले. बोल्ट जरा फिरला तरी रेघ तुटते. तनुजा सकाळीच करमाडला जाऊन इन्व्हर्टरचं ते जळकं कपाट पाहून आली होती. काजळी पुसली तर एकूण एक रेघ शाबूत.

मग तिने इन्व्हर्टरसाठी स्वतः लिहिलेला प्रोग्राम उघडला. हा इन्व्हर्टर सौरपॅनलची वीज पायरीपायरीने चढवत-उतरवत ग्रिडला हवी तशी लाट घडवतो. त्यासाठी त्यातले स्विच सेकंदाला हजारो वेळा चालू-बंद होतात. जोडीतला एक पुरता बंद होईपर्यंत दुसऱ्याने थांबायचं, नाहीतर वीज दोघांतून आरपार जाते आणि भडका उडतो. म्हणून तनुजाने मध्ये तीन मायक्रोसेकंदांची उसंत ठेवली होती. कुणीतरी ती एकवर आणली होती. उसंत कमी केली की लाट देखणी दिसते, तपासणीचा कागद चकाचक होतो. एसीच्या गारव्यातल्या चाचणीत ते खपून गेलं. पण तापलेला स्विच बंद व्हायला जास्त वेळ घेतो, आणि करमाडच्या पत्र्याखाली मे महिन्याची दुपार होती. दार उघडून मीटर धरलेल्या मामांचा उजवा हात कोपरापर्यंत भाजला.

कुणी बदललं? सगळ्या विभागाचा पासवर्ड एकच, तोही फळ्यावर लिहिलेला. कसला पुरावा अन् काय!

दुपारी मुकुंदवाडीहून मामा आपले कागद न्यायला शेंद्र्याच्या कारखान्यात आले. हात गळ्यात बांधलेला.

"जाऊ द्या ताई," ते म्हणाले. "मोठ्या मान्सासंग कशाला भांडता? लई झालं."

"लई झालं म्हणूनच भांडते, मामा. चला."

तापलेल्या पत्र्याच्या शेडमध्ये त्याच बनावटीचा दुसरा इन्व्हर्टर उभा होता. ऋतुराज सर तिथंच चहा पीत होते. तनुजाने कपाटाचं दार सताड उघडलं आणि करमाडला मामा उभे होते नेमकी तशीच त्याच्यासमोर जाऊन उभी राहिली.

"सर, यात करमाडचाच प्रोग्राम आहे. बोल्ट मी स्वतः आवळलेत. चालू करते."

"दार लाव आधी," सर म्हणाले.

"का? दोष तर बोल्टचा होता ना?" तिने बटणाकडे हात नेला.

सरांच्या हातातला कप खाली पडला. "थांब! तनुजा, आधी तीन कर! तीन कर म्हणतो ना!"

शेडमधली सगळी माणसं वळून बघू लागली. तनुजाने खिशातून इन्व्हर्टरचे तिन्ही फ्यूज काढून टेबलावर आपटले. यंत्रात वीज नव्हतीच.

"म्हणजे किती हवं ते तुम्हाला ठाऊक होतं," ती म्हणाली. "ठाऊक असून मामांचा हात भाजू दिलात, वर त्यांच्याच पोटावर पाय देताय! अहवाल परत लिहा. आत्ता, इथंच."

ऋतुराज सर उगाच खिसे चाचपत राहिले. तेव्हा पुंडलिकमामांनी डाव्या हाताने आपल्या शर्टाच्या खिशातलं पेन काढलं आणि त्यांच्यापुढे धरलं.