घोंगडीखालची गुणपत्रिका

मित्रांनो, मी एक जुनी गुणपत्रिका आहे. बी. ए.च्या पहिल्या वर्षाची, आणि तीही नापासाची. झाले ना तोंड वाकडे? अहो, सगळ्यांचेच होते. मला त्याची सवय झाली आहे, पण राग यायचा काही थांबत नाही.

माझ्याबरोबर छापलेल्या कितीतरी गुणपत्रिका कौतुकाने प्लॅस्टिकमध्ये जाऊन बसल्या. काहींसमोर तर पेढे ठेवले गेले. मी आणे गावच्या नंदाच्या हातात पडले. तिचे इंग्रजी आणि अर्थशास्त्र, दोन्ही विषय गेले होते. जाणारच! ऐन परीक्षेच्या महिन्यात तिचे वडील मच्छिंद्र पाय मोडून पडले होते आणि मेंढ्यांमागे नंदाला कोकणात जावे लागले होते. पण हे कारण लिहायला माझ्यावर जागाच नाही. माझ्यावर फक्त आकडे असतात.

पुढच्या वर्षी नंदाने ते विषय काढले, पुढे पदवीही मिळवली. मग म्हणाली, वकील व्हायचे. बिबट्याने सात मेंढ्या मारल्या होत्या, तेव्हा पंचनाम्यात तीनच लिहिल्या गेल्या आणि मच्छिंद्र यांनी खाली अंगठा दिला होता. त्यांना वाचता येत नाही. तो कागद नंदाच्या मनातून जात नव्हता.

कायद्याच्या प्रवेश परीक्षेत तिला चांगले गुण मिळाले. आता फक्त अर्ज भरायचा होता. त्या दिवशी नंदा तापाने फणफणली होती, म्हणून फाईल घेऊन मच्छिंद्र अर्ज भरून घ्यायला आळेफाट्याला निघाले.

आणि निघताना त्यांनी काय केले? बाजारात मेंढ्या विकायला नेताना लंगडी मेंढी घरी ठेवतात, नाहीतर गिऱ्हाईक सगळ्या कळपालाच नावे ठेवते. त्यांनी अगदी तसेच केले. माझ्यावरच्या लाल खुणांवरून मला ओळखले, फाईलमधून ओढले आणि पत्र्याच्या पेटीत घोंगडीखाली दाबले.

"आवं, नंदीला इचारा तरी," नंदाची आई सुंदरा म्हणाली.

"ही नापासाची बघून कोण घेईल पोरीला? ऱ्हाऊ दे हितंच."

अहो, मी किती ओरडले म्हणून सांगू! पण कागदाचे ओरडणे ऐकतो कोण? अर्ज माझ्याविना गेला. चार दिवसांनी मच्छिंद्र यांच्या मोबाईलवर संदेश आला: पहिल्या वर्षाची गुणपत्रिका तीन दिवसांत जोडा. त्यांना वाटले, कंपनीची जाहिरात असेल. नंदाने तो वाचला, तेव्हा मुदत संपून आठवडा झाला होता. अर्ज बाद झाला.

नंदाने मला पेटीतून बाहेर काढले आणि सगळ्या वर्षांची बेरीज केली. माझे कमी गुण धरूनही अठ्ठेचाळीस टक्के भरत होते. प्रवेशाला पंचेचाळीस असले तरी भागत होते, आणि यादी तर प्रवेश परीक्षेच्या गुणांवर लागणार होती! म्हणजे मी तिच्या वाटेत आडवी आलेच नव्हते. हे कुणी आधी बघायचे होते?

"आबा," नंदा म्हणाली, "सांजच्याला मेंढरं मोजता, तवा लंगडी सोडून मोजता व्हय?"

"सोडून कसं चालंल? एक कमी भरंल की."

"मंग माजं बी एक कमी भरलं. वरीस गेलं माजं."

मच्छिंद्र यांनी मला मांडीवर घेतले. माझ्यावर पडलेल्या सुरकुत्या ते तळहाताने सारख्या करत राहिले. मी संतापले होते खरी, पण त्यांचेही वाईट वाटले.

नंदाने वर्षभर पुन्हा अभ्यास केला, पुन्हा परीक्षा दिली. या वर्षी अर्जाच्या दिवशी मच्छिंद्र यांनी स्वतः पेटी उघडली, घोंगडी बाजूला केली आणि मला फाईलमध्ये सगळ्यांत वर ठेवले. बापलेक मिळून आळेफाट्याला गेले. तिथे अर्ज भरून देणाऱ्या दादाभाऊने विचारले, "पयल्या वर्साचं हाय का?"

"हाय की, राव. आदी हीच घे," मच्छिंद्र म्हणाले.

काल यादी लागली. नंदाचे नाव आहे.

मित्रांनो, मला चौकटीत लावा असे मी म्हणत नाही. पेढेही नकोत. कमी गुण पडले तर खुशाल रडा, मग पुन्हा अभ्यासाला बसा. पण मला लपवू नका. निदान लपवण्याआधी एकदा नीट वाचा, किंवा वाचून घ्या! नंदाचे दोन विषय गेले, ते माझ्यावर छापलेले आहे. तिचे अख्खे वर्ष गेले, ते मात्र माझ्यावर कुठेच लिहिलेले नाही.